राणीबागेत सहल आणणाऱ्या सगळ्या बाईंना आणि सरांना एक खुलं पत्र

नमस्कार बाई, नमस्कार सर,

आणि सहलीच्या संमतीपत्रावर सही करून, पैसे भरून मोकळे होणारे आईबाबा, तुम्हीपण जरा थांबा, थोडं तुमच्याशीही बोलायचंय.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे "ही कोण शिकवणारी" असं व्हायला नको. मी लालबागच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत होते, आणि मी स्वतः बत्तीस वर्षं मुलांना शिकवून रिटायर झाले. आता रोज सकाळी भायखळ्याच्या राणीबागेत चालायला जाते. म्हणजे मी तुमच्यातलीच आहे, बाहेरून दगड मारणारी नाही. उलट या पत्रात ज्या ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या निम्म्याअधिक मी स्वतः केल्यात, ते पुढे येईलच.

पत्र लिहायला कारण झालं ते फेब्रुवारीतल्या एका गुरुवारचं. नेहमी मी सकाळी लवकर जाऊन येते पण त्या दिवशी नातू बरोबर होता म्हणून रीतसर तिकीट काढून दहाच्या सुमारास आत गेलो. एका शाळेची सहल आली होती, कुठली ते सांगणार नाही कारण एका शाळेचा प्रश्नच नाहीये, रोज कुठली ना कुठली असते. दोन बस भरून मुलं, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या, पुढे एक सर शिट्टी घेऊन आणि मागे दोन बाई. रांग कैलासपतीच्या झाडाखालून चालली होती आणि एका पोराने, दुसरी-तिसरीतला असेल, खाली पडलेलं फूल उचललं. ज्यांनी ते फूल बघितलंय त्यांना माहितीये, आत शंकराच्या पिंडीसारखं दिसतं आणि वरून नागाने फणा धरल्यासारखा पडदा वाकलेला असतो, वास असा की हात दिवसभर धुवू नये. तर तो पोरगा ते फूल बाईंना दाखवून म्हणाला, "बाई, यात साप आहे?"

इतका सुंदर प्रश्न मला बत्तीस वर्षांत फार कमी वेळा कोणी विचारला असेल. आणि बाई म्हणाल्या, "टाक ते खाली, हात घाण होतील, पेंग्विनची लाइन वाढतेय."

त्याने टाकलं. त्याच्या मागच्या चार मुलांनी ते तुडवलं. मी नातवाचा हात धरून तिथेच उभी राहिले आणि खरं सांगते, मला त्या बाईंचा राग नाही आला, मला स्वतःची लाज वाटली कारण तो आवाज माझाच होता. मीपण वर्षानुवर्षं हेच केलंय. मुलं मोजा, पिंजऱ्यासमोर उभी करा, पुढे चला, डबे खा, परत मोजा, बसमध्ये बसा. एकदा तर एका मुलीने मला विचारलेलं की बाई, या झाडाला मेणबत्त्या कशा लागल्या, आणि मी म्हटलं होतं की नंतर सांगते. मला तेव्हा माहितीच नव्हतं! ते मेणबत्तीचंच झाड आहे, मध्य अमेरिकेतलं, खोडाला आणि जाड फांद्यांनाच फळं लागतात, पिवळट, मेणासारखी गुळगुळीत, अगदी देवघरात लावावी अशी. हे मला रिटायर झाल्यावर कळलं. त्या मुलीला आता स्वतःची मुलं असतील आणि तिला अजून कोणी सांगितलं नसेल.

म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करूया की आपल्याला राणीबाग म्हणजे काय हेच नीट माहिती नाही. आपण मुलांना सांगतो "झू ला जायचंय". अहो, तिच्या नावातसुद्धा वनस्पती उद्यान आधी येतं आणि प्राणीसंग्रहालय नंतर, वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणीसंग्रहालय. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअर, म्हणजे गव्हर्नरच्या बायकोने, ही बाग उघडली तेव्हा ती झाडांची बाग म्हणूनच उघडली. शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती ती जागा पुढे गोऱ्यांच्या दफनभूमीला गेली आणि भायखळ्याला ही नवी बाग उभी राहिली. प्राणी नंतर आले. आज सुमारे पन्नास एकरात तीन हजारांच्या वर झाडं आहेत आणि त्यांच्या जाती पावणेतीनशेहून जास्त. मुंबईत, भायखळा स्टेशनपासून चालत, एका बाजूला डॉ. आंबेडकर रोडचे हॉर्न आणि दुसरीकडे आफ्रिका, ब्रह्मदेश, मादागास्कर, दक्षिण अमेरिका. आणि आपण पोरांना काय दाखवतो तर काचेमागचे पेंग्विन.

पेंग्विनवर माझा राग नाही हां, गैरसमज नको. पण ते तरी नीट दाखवतो का आपण? त्या दिवशी एक सर मुलांना सांगत होते की हे बर्फात राहतात म्हणून इथे एसी लावलाय. हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत, २०१६ मध्ये आठ जण दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, आणि या जातीचं मूळ घर आहे पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाही, खडक आहेत, वाळू आहे, वाळवंटाला लागून समुद्र आहे आणि त्या समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाचं नाव हम्बोल्ट. आता सांगा, भूगोलाच्या तासाला समुद्रप्रवाह शिकवताना पोरं जांभया देतात आणि इथे तो प्रवाह चोच घेऊन समोर पोहतोय, आणि आपण म्हणतो बर्फ!

बरं, आता तक्रारी. मुद्द्याने मांडते, पण शाळेच्या अहवालासारखं जमणार नाही.

पहिली तक्रार वेळेची. दोन बस मुलं आणि दीड तास. मी घड्याळ लावून बघितलंय एकदा, पेंग्विन, मग वाघ (२०२० मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून जोडी आली, शक्ती आणि करिश्मा, तेव्हापासून ही दुसरी लाइन), मग डबा आणि सुटलो. कारण दुपारी अजून एक ठिकाण असतं, कधी मॉल, कधी गेमझोन, कधी चौपाटी. एका दिवसात तीन ठिकाणं दाखवली की पालक खूश, "पैसे वसूल". आईबाबा, हे तुमच्यामुळे होतं. तुम्ही मीटिंगमध्ये विचारता, "एवढे पैसे घेता आणि फक्त राणीबाग?" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा ऐकलंय. फक्त राणीबाग म्हणजे काय हो? आमचे वडील महिन्यातल्या एका रविवारी आम्हाला घेऊन यायचे, भावंडं चार, आणि सकाळी आलो की उन्हं उतरेपर्यंत तिथेच. हत्तीवर बसायला मिळालं तर दिवाळी. आई चपात्या आणि बटाट्याची भाजी आणायची, आम्ही गोरखचिंचेच्या (म्हणजे बाओबाबच्या) जाड बुंध्याला हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करायचो, चौघांचेही हात पुरायचे नाहीत. दुसरं ठिकाण नव्हतंच.

दुसरी तक्रार जरा लाजेची आहे. आपल्याला झाडं ओळखता येत नाहीत. सोसायटीच्या कंपाउंडला ते सरळसोट उंच, कडा लाटांसारख्या पानांचं झाड असतं ना, त्याला आपण मुलांसमोर बिनधास्त अशोक म्हणतो. तो खोटा अशोक. सीतेचा अशोक वेगळा, अशोकवनातला, सावली देणारा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला केशरी फुलांचे घोस येतात, ते जुने होत जातात तसे लाल होतात, एकाच झाडावर दोन्ही रंग. तो राणीबागेत आहे. रामायण आपण शिकवतो, नाटकात मुलींना सीता करतो, पुठ्ठ्याचं अशोकवन रंगवतो आणि खरं झाड समोर आलं की शिट्टी वाजवून पुढे जातो.

आणि उर्वशी! उर्वशीबद्दल मला वेगळंच बोलायला हवं, कारण तिच्यासाठी मी अक्षरशः दिवस मोजते. मूळ ब्रह्मदेशातलं झाड, लेडी अ‍ॅमहर्स्ट म्हणून एक गव्हर्नर जनरलची बायको होती तिच्या नावावरून शास्त्रीय नाव पडलं, पण आपल्याकडच्या कोणीतरी रसिक माणसाने उर्वशी म्हटलं आणि तेच शोभतं. फुलं वर बघत नाहीत, खाली लोंबतात, झुंबरासारखी, लाल-गुलाबी आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याच्या मूळ रानातसुद्धा आता हे झाड सापडणं मुश्किल झालंय. म्हणजे जे झाड बघायला लोकांनी विमानाने यावं ते तुमच्या बसच्या थांब्यापासून पाच-दहा मिनिटांवर आहे आणि पोरं त्याच्याखाली उभी राहून वेफर्स खातात, कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही की वर बघ.

तिसरी तक्रार कंपासपेटीची. हो, कंपासपेटीच. सहलीला वही-पेन आणा म्हणून आपण सांगतो, मुलं दप्तरासकट सगळं आणतात, आणि मग करकटकाने झाडावर नावं कोरतात. बांबूवर तर इतकी नावं आहेत की हजेरी घेता येईल. मी एका मुलाला हटकलं तर तो म्हणाला, "आजी, झाडाला कुठे दुखतं." त्याचं चुकलं नाही, त्याला सालीबद्दल कोणी सांगितलं नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत जातं, म्हणजे साल हा झाडाचा अन्नाचा रस्ता, तिथे कोरलं की रस्ता तुटतो, आणि जखमेतून बुरशी, कीड आत शिरते. हा सातवी-आठवीचा धडा आहे आपलाच. वर्गात पाठ करून घेतो आणि बागेत त्याच धड्यावर करकटक चालवू देतो. एवढं सांगितल्यावर त्या मुलाने करकटक खिशात घातलं आणि मला विचारलं, मग आता हे भरून येईल का? मी म्हटलं कडा भरत येतील हळूहळू, पण खूण राहील. तो बराच वेळ त्या खुणेवर बोट फिरवत होता.

आवाज आणि काच यावर फार बोलत नाही, सगळ्यांना माहितीये. काचेवर बुक्क्या, वाघाला "ए शेरा", मोबाईलचे फ्लॅश, हरणांकडे फेकलेले पॉपकॉर्न. हे मुलं करतात त्याहून जास्त बरोबरची मोठी माणसं करतात, इतकंच सांगते.

चौथी तक्रार वर्कशीटची. एका मुलीच्या हातातलं मी मागून वाचलं, "तुम्ही पाहिलेल्या पाच प्राण्यांची नावे लिहा." ती ते बसमध्येच भरून आली होती! मी विचारलं अगं अजून बघितलं कुठे, तर म्हणाली, "वाघ हरीण माकड हत्ती सिंह, बाई बरोबर देतात." काय बोलणार यावर. तिथे पिंजऱ्याबाहेरसुद्धा किती काय आहे. रातबगळे आहेत, झाडांवर घरटी करतात, कोणी तिकीट लावून आणले नाहीत, स्वतःहून येतात. मोठी वटवाघळं आहेत, दिवसा उंच फांद्यांना ओल्या छत्र्या वाळत घातल्यासारखी लटकलेली. आणि गोरखचिंचेची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्या मधाला येतात, परागकण नेतात. आफ्रिकेतून कधीकाळी आलेलं झाड आणि भायखळ्याचं वटवाघूळ, त्यांचा हा रात्रीचा व्यवहार चालू आहे. यावर एक प्रश्न घाला की वर्कशीटमध्ये.

आता कोणी म्हणेल की बाई, झाडं काय कुठेही दिसतात. नाही दिसत. आणि आहेत तीही आपोआप टिकलेली नाहीत. २००७ नंतर या बागेच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा आला होता तेव्हा काही बायका उभ्या राहिल्या, त्यांनी झाडं न् झाडं मोजली, नावानिशी नोंदवली, सभा घेतल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि तो आराखडा बदलावा लागला. त्यांना ते जमलं कारण त्यांना झाडांची नावं माहिती होती. "झाडं वाचवा" असं मोघम म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही, पण "या जातीचं झाड इथे इतकंच आहे" म्हटलं की समोरच्याला कागद उघडावा लागतो. त्या बायका काही कायमच्या पुरणार नाहीत. पुढच्या वेळी कागद घेऊन कोण जाणार? टोपी घालून रांगेत चाललेल्या त्या पोरांपैकी कोणी गेलं तर.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, फार नाहीत, आणि एकीलाही जास्तीचा पैसा लागत नाही.

अर्धा दिवस फक्त राणीबागेला द्या. दुसरं ठिकाण दुसऱ्या वर्षी. आत गेल्यावर पहिला तास झाडांना, मुलं ताजी असतात तेव्हा, आणि पेंग्विन शेवटी ठेवा म्हणजे कोणी बागेतून पळायची घाई करणार नाही. सहलीच्या आधी एका तरी शिक्षकाने येऊन बाग फिरून जायला हवं. सगळी झाडं कोणालाच येत नाहीत, मलाही येत नाहीत, पण पाच झाडं शिका. गोरखचिंच, कैलासपती, सीतेचा अशोक, उर्वशी आणि ते मेणबत्तीचं. पाचच. मुलांचे छोटे गट करा, तीस-तीसचे, आणि शिट्टी शाळेच्या मैदानावर ठेवून या. करकटक घरी. वेफर्सच्या पाकिटांऐवजी डबा, ही आईबाबांना मागणी आहे, आणि "पैसे वसूल" हा शब्द पालक सभेत परत काढू नका ही पण.

आणि पडलेलं फूल मुलाने उचललं तर उचलू द्या. झाडावरचं तोडू नका, पण पडलेलं हातात घेऊ द्या, हुंगू द्या, उघडून बघू द्या. हात धुता येतात.

वेळ उरला तर बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याचं तिकीट वेगळं. १८७२ पासूनचं आहे, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी खटपट केली. तिथे बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलताना तुटला आणि मग जोडून इथे ठेवला. आणि फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो खरा काळा घोडा, म्हणजे तो पुतळा, सातवा एडवर्ड पाठीवर घेऊन, १९६५ पासून इथेच आहे. पोरांना सांगा की काळा घोडा भायखळ्याला पळून आला, कायम लक्षात राहील. माझ्या नातवाने तर त्याला पत्ता विचारला.

तिकिटाचं एक सांगते, २०१७ पर्यंत मोठ्यांना पाच आणि लहानांना दोन रुपये होते, मग ते पन्नास आणि पंचवीस झाले. महाग झालं म्हणून रडत नाही, पण निदान दिलेल्या पैशात सगळी बाग बघा, फक्त एक काच नको.

आणि त्या दिवशीच्या बाईंना, जर हे पत्र तुमच्यापर्यंत आलं तर. मी तुमच्या रांगेमागून आले होते. तुमचा तो पोरगा, निळी पाण्याची बाटली गळ्यात, पेंग्विनच्या लाइनीतून दोनदा मागे वळून झाडाकडे बघत होता. मी त्याच्यासाठी दुसरं फूल उचललं, त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं की साप नाहीये, ते पुंकेसर आहेत, झाडाने भुंग्यांसाठी छत्री धरलीय. त्याने ते बाटलीच्या पिशवीत लपवलं. प्लीज त्याला रागावू नका, मीच दिलं होतं.

तुमची पुढची सहल ठरली आणि झाडं दाखवायला कोणी हवं असेल तर मी येते. फी नाही, चहा पाजा. आमच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये माझ्याहून जास्त माहिती असलेल्या दोघी आहेत, त्यांनाही ओढून आणीन. फक्त बुधवार धरू नका, बुधवारी बाग बंद असते, दरवर्षी एक तरी बस गेटवरून परत जाते.

तुमचीच,
लालबागची एक रिटायर्ड बाई